प्लेन बल्बमधले रक्त

आमच्या प्रयोगशाळेत रक्ताचा नमुना घ्यायच्या छोट्या बाटलीला ‘बल्ब’ म्हणत. रक्त गोठू नये म्हणून ज्यात औषध घातलेले असते तो सायट्रेट बल्ब, आणि ज्यात काहीच घातलेले नसते तो प्लेन बल्ब. प्लेन बल्बमधले रक्त आपोआप गोठते, वर पिवळसर सीरम सुटते आणि त्या सीरमवर रक्तपेढीतली पिशवी रुग्णाला जुळते की नाही ते पाहायचे, अशी आमची पद्धत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, पावसाळ्यातल्या एका रात्री, महामार्गावरच्या अपघातातला विशीबाविशीचा मुलगा आमच्याकडे आणला. कंबरेचे हाड मोडलेले, पोट फुगत चाललेले. सर्जननी दोन पिशव्या रक्त मागवले आणि सोबत ‘पीटी’, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, लावली. रात्रपाळीला मी एकटीच होते. सायट्रेट बल्ब सेंट्रिफ्यूजमध्ये टाकला, प्लेन बल्ब स्टँडमध्ये उभा केला. पंधरा-वीस मिनिटांनी तो कलता केला, तर आतले रक्त पाण्यासारखे वाहिले. पीटी लावली. तुलनेच्या नमुन्याला १३ सेकंद, या मुलाला ३१.

मला वाटले, इंटर्नने सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलेले दिसते. असे पातळ झालेले नमुने आमच्याकडे नेहमी येत. वर फोन केला आणि जरा फणकाऱ्यानेच सांगितले, “दुसऱ्या हातातून नमुना पाठवा.” तो यायला, फिरवायला, पुन्हा चाचणी लावायला पाऊण तास गेला. तोही नमुना तसाच निघाला. रिपोर्ट घेऊन मी जिना चढत होते, तेव्हा वॉर्डचे मामा खाली येत होते. “ताई, आता नको,” एवढेच ते म्हणाले.

त्या रात्री मी लगेच सांगितले असते तर तो मुलगा वाचला असता, असा माझा दावा नाही. त्याच्या गटाच्या दोनच पिशव्या शिल्लक होत्या आणि प्लाझ्मा नव्हताच. पण नमुना खरे सांगत होता आणि मी त्याला खोटे ठरवले, ही गोष्ट मनातून गेली नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली तशी मी जुनी-नवी वैद्यकीय नियतकालिके मिळवून वाचू लागले. वाचता वाचता लक्षात आले की रक्त न गोठण्याचा दोष पातळ होण्यावर ढकलण्यात मी एकटी नव्हते. वैद्यकशास्त्रानेही तो काही दशके तसाच ढकलला होता. जखमी माणसाचे रक्त कसे गोठते यावरून त्याला किती रक्त लागेल हे आधी ओळखता येते का, या प्रश्नाचा इतिहास म्हणूनच मला लिहावासा वाटला.

दुसऱ्यांसाठी लावलेली घड्याळे

रक्त गोठण्याच्या जुन्या चाचण्या म्हणजे घड्याळ लावून बघत बसणे. १९१० साली अमेरिकेत विल्यम ड्यूक यांनी कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदाने रक्त टिपायची रीत घालून दिली. प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णांचे रक्त थांबता थांबत नसे. त्यांना दुसऱ्याचे रक्त दिल्यावर हा वेळ कमी झाल्याचे ड्यूक यांनी दाखवले. चाचणी आणि रक्तसंक्रमण यांची गाठ इतक्या लवकर पडली होती. १९१३ साली रॉजर ली आणि पॉल डडली व्हाइट यांनी शिरेतले रक्त काचेच्या नळीत घेऊन, ती थोड्या थोड्या वेळाने कलती करून, रक्त कधी वाहायचे थांबते ते मोजले. हेच व्हाइट पुढे हृदयरोगतज्ज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाले आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांच्या उपचारात होते. आपल्याकडे शस्त्रक्रियेआधी चिठ्ठीवर जे ‘बीटी-सीटी’ लिहिले जाते, ते याच घराण्यातले.

पीटीचा जन्म १९३५ चा. आर्मंड क्विक यांना काविळीच्या आणि हिमोफिलियाच्या रुग्णांच्या रक्तातले प्रोथ्रॉम्बिन मोजायचे होते. सशाच्या वाळवलेल्या मेंदूचा अर्क आणि कॅल्शियम प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढून टाकलेल्या रक्तद्रवात, मिसळायचे आणि पहिला तंतू दिसेपर्यंत सेकंद मोजायचे. तिची जोडीदार ‘पीटीटी’ १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनातून आली, ती हिमोफिलियासाठी. एकाच नमुन्याचे उत्तर दोन गावांत वेगळे येऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर हे प्रमाण स्वीकारले, तेही रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांसाठी.

म्हणजे काविळीचा रुग्ण, हिमोफिलियाचा मुलगा, गोळ्या घेणारा हृदयरोगी, या तिघांच्या मापाने शिवलेले कपडे पुढे अपघातातल्या जखमीला चढवले गेले. ते नीट बसणे कठीणच होते. पीटीत तांबड्या पेशी नाहीत, प्लेटलेट नाहीत. पहिला तंतू दिसला की घड्याळ थांबते. त्यानंतर गुठळी किती घट्ट झाली, टिकली की विरघळली, हे ती सांगत नाही. जखमेतून वाहणारे रक्त थांबायला मात्र ती घट्ट गुठळीच लागते.

दिलेल्या रक्तावर आळ

साठवलेले रक्त जखमीला देण्याची सुरुवात युद्धाने केली. १९१७ साली कांब्रेच्या लढाईत ऑसवाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी डॉक्टरांनी सायट्रेट आणि ग्लुकोज घालून बर्फात ठेवलेले रक्त सैनिकांना दिले. पुढच्या युद्धांत पिशव्यांची संख्या वाढत गेली आणि नवीनच गोष्ट दिसू लागली. खूप रक्त दिलेला सैनिक सुईच्या टोचणीतून, टाक्यांतून, सगळीकडूनच झिरपू लागे.

कोरियातल्या जखमींवरचा स्कॉट आणि क्रॉस्बी यांचा अभ्यास १९५४ साली छापला गेला. जखम झाल्यावर आणि साठवणीतले रक्त दिल्यावर गोठण्याच्या क्रियेत काय बदल होतात, हा त्यांचा विषय. व्हिएतनाममध्ये दा नांगच्या नौदल रुग्णालयात रोनाल्ड मिलर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर रक्त दिलेल्या २१ सैनिकांच्या चाचण्या केल्या. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने बोट ठेवले ते प्लेटलेटवर. साठवलेल्या रक्तात कामाचे प्लेटलेट उरत नाहीत, त्यामुळे पिशव्यांमागून पिशव्या दिल्या की रुग्णाचे स्वतःचे प्लेटलेट विरळ होत जातात. १९८२ साली डेन्व्हरच्या सर्जननी त्यात थंड पडलेले शरीर आणि रक्तातली वाढलेली आम्लता यांची भर घालून रक्तस्रावाचे दुष्टचक्र मांडले.

ही निरीक्षणे खरीच होती. पण त्यांतून एक समजूत पक्की झाली. रक्त बिघडते ते रुग्णालयात, आपण ओततो त्या सलाइनमुळे आणि साठवलेल्या रक्तामुळे. मग पहिल्या तासातली चाचणी कोण कशाला गांभीर्याने घेईल? तिचा अहवाल बिघडलेला आला, तर नमुना पातळ झाला असेल. त्या रात्री जिन्याखाली बसून मी हाच विचार केला होता.

हेलिकॉप्टरमधून आलेली माणसे

२००३ साली करीम ब्रोही आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये हेलिकॉप्टरने आणलेल्या जखमींच्या नोंदी तपासल्या. १,०८८ रुग्णांच्या नोंदी पूर्ण होत्या. त्यातल्या २४.४ टक्के रुग्णांचे रक्त रुग्णालयाच्या दारात पोहोचतानाच नीट गोठत नव्हते. वाटेत किती सलाइन दिले याच्याशी त्याचा मेळ बसत नव्हता. जखम जितकी भारी तितका बिघाड जास्त. अशा रुग्णांपैकी ४६ टक्के दगावले, ज्यांचे रक्त गोठत होते त्यांच्यातले १०.९ टक्के. त्याच वर्षी मायामीतून जाना मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले की दाखल होतानाची बिघडलेली पीटी मृत्यूची शक्यता वाढल्याची खूण आहे.

पुढे २००७ मध्ये ब्रोही आणि सॅन फ्रान्सिस्कोतले मिचेल कोहेन यांनी यामागचे कारण सुचवले. रक्तस्रावाने अवयवांना पुरेसे रक्त मिळेनासे झाले, की शरीर स्वतःच गोठण्याला आवर घालणारे प्रोटीन सी जागे करते. बारीक वाहिन्या गुठळ्यांनी तुंबू नयेत म्हणून असलेली ही सोय मोठ्या जखमेत उलटते. हे स्पष्टीकरण पुरेसे आहे का यावर नंतर वाद झाले. पण मूळ निरीक्षण टिकले. बिघाड आधी येतो, पिशवी नंतर.

एवढे कळल्यावर जुन्या चाचणीचा अर्थ बदलला. बिघाड जर पहिल्या मिनिटांतच असेल, तर त्यावरून पुढच्या काही तासांतली गरज ओळखता येईल. रक्तपेढीला आधी सांगता येईल, गोठवून ठेवलेला प्लाझ्मा वितळायला टाकता येईल. प्लाझ्मा ३७ अंशांच्या पाण्यात वितळायलाच वीस-तीस मिनिटे लागतात. रक्तस्रावात एवढा वेळ फार असतो.

आडवा पेला

पण पीटीला स्वतःलाच वेळ लागत होता. रॉस डेव्हनपोर्ट आणि ब्रोही यांच्या गटाने २०११ साली लंडनमधल्या ३०० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात प्रयोगशाळेचा अहवाल मिळायला लागलेला मध्यक वेळ ७८ मिनिटे होता. तो वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. इतक्या सुसज्ज रुग्णालयातही ७८ मिनिटे.

त्यांनी पर्याय म्हणून तपासलेले यंत्र एका जुन्या कल्पनेतून आलेले होते. १९४८ साली हायडेलबर्गच्या हेल्मुट हार्टर्ट यांनी सगळे रक्त, पेशींसकट, एका छोट्या वाटीत घेतले. वाटी किंचित डावी-उजवी फिरत राही आणि रक्तात एका बारीक तारेला टांगलेली कांडी बुडालेली असे. रक्त पातळ असेपर्यंत कांडी स्थिर. गुठळी धरू लागली की वाटीबरोबर कांडीही हलू लागते, आणि गुठळी जितकी घट्ट तितकी जास्त हलते. या हालचालीचा आलेख आधी एकेरी रेषा असतो, मग ती दुभंगून रुंद होते. देठाचा पेला आडवा ठेवल्यासारखा तो दिसतो. देठ लांब असेल तर गोठायला उशीर, पेला अरुंद असेल तर गुठळी कमजोर, आणि पुढे पेला मिटत गेला तर गुठळी विरघळते आहे. याला थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफी, थोडक्यात टीईजी म्हणतात.

ही कल्पना बरीच वर्षे संशोधकांच्या टेबलावरच राहिली. १९८५ साली पिट्सबर्गमध्ये यकृत प्रत्यारोपणाच्या वेळी तिचा उपयोग करून दाखवला गेला. जखमींपर्यंत ती पोहोचली १९९७ मध्ये. कॉफमन आणि सहकाऱ्यांनी मुका मार लागलेल्या ६९ रुग्णांचे आलेख काढले. केवळ सात जणांचे रक्त मंद गोठत होते. त्या सातांपैकी सहा जणांना पहिल्या २४ तासांत रक्त द्यावे लागले. जखमेच्या तीव्रतेचा गुणांक आणि हा आलेख, या दोहोंवरूनच लवकर रक्त लागेल हे ओळखता आले, पीटी-पीटीटीवरून नाही. माझ्या प्लेन बल्बची रात्र याच काळातली. २००८ मध्ये लढाईत गोळ्या-स्फोटांनी जखमी झालेल्यांतही कमजोर गुठळी हीच रक्ताच्या गरजेची खूण ठरली.

डेव्हनपोर्ट यांच्या अभ्यासात याच जातीच्या यंत्रावर गुठळी धरू लागल्यापासून पाच मिनिटांनी तिची घट्टता मोजली. ती ३५ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर ज्यांना पुढे मोठ्या प्रमाणावर रक्त लागले त्यांतले ७१ टक्के ओळखता येत होते. पीटीवरून ४३ टक्केच. ह्यूस्टनमध्ये १,९७४ रुग्णांच्या अनुभवावरून २०१२ साली असेही मांडले गेले की अपघात विभागात आता जुन्या चाचण्यांऐवजी जलद टीईजी पुरे.

यंत्राशिवाय, आणि यंत्रासह

दुसरीकडे काही सर्जन म्हणत होते की रक्त तपासत बसायचेच कशाला? २००९ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्टमधून एबीसी नावाचा सोपा हिशेब आला. चारच प्रश्न. जखम आरपार घुसलेली आहे का? रक्तदाब ९० किंवा कमी आहे का? नाडी १२० किंवा जास्त आहे का? सोनोग्राफीत पोटात रक्त दिसते का? दोन ‘हो’ आले की रक्तपेढीला कळवा. यात प्रयोगशाळेचे काहीच नाही. अनुभवी सिस्टर दारातच जे ओळखतात, त्याचाच हा आकड्यांत बसवलेला अवतार.

मग यंत्रावर खर्च करून जीव वाचतात का? डेन्व्हरमध्ये १११ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटाला टीईजी पाहून आणि दुसऱ्याला जुन्या चाचण्या पाहून रक्तघटक दिले. २०१६ साली निकाल आला. जुन्या चाचण्यांच्या गटात ३६.४ टक्के मृत्यू, टीईजीच्या गटात १९.६ टक्के. सगळ्यांना हुरूप आला. मग युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ३९६ रुग्णांवर तीच परीक्षा घेतली. २०२१ च्या निकालात २४ तासांनी जिवंत आणि मोठ्या रक्तसंक्रमणाची वेळ न आलेले रुग्ण यंत्राच्या गटात ६७ टक्के, दुसऱ्या गटात ६४ टक्के. फरक म्हणावा असा नाही. चाचणी गरज ओळखते. पण ओळखल्याने माणूस वाचतोच असे नाही, विशेषतः जिथे दोन्ही गटांना रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट भरपूर आणि लगेच मिळत असतात.

‘मागणी’ आणि ‘दिले’

मला या सगळ्या वाचनात सर्वांत जास्त अडवले ते एका व्याख्येने. ‘मोठे रक्तसंक्रमण’ म्हणजे २४ तासांत तांबड्या पेशींच्या दहा किंवा जास्त पिशव्या. बहुतेक अभ्यासांत चाचणीचे भाकीत खरे ठरले की नाही, हे त्या रुग्णाला दहा पिशव्या लागल्या का यावरून ठरते. नीट पाहिले तर मोजल्या जातात त्या दिलेल्या पिशव्या. जो दीड तासातच गेला त्याला दहा पिशव्या देणार कधी? कागदावर तो ‘गरज नसलेला’ ठरतो. वास्तविक त्याची गरज सर्वांत मोठी होती. ही खोट संशोधकांनीही ओळखली आहे आणि २४ तासांऐवजी पहिल्या काही तासांत किंवा एका तासात किती रक्त गेले असे मोजायचे पर्याय त्यांनी सुचवले आहेत.

पण तेही मोजतात ते दिलेलेच. आमच्या रक्तपेढीच्या रजिस्टरात दोन रकाने असत, ‘मागणी’ आणि ‘दिले’. त्या रात्रीच्या ओळीत मागणी दोन, दिले दोन. तो हिशेब पाहणाऱ्याला वाटेल, गरज पूर्ण झाली. सर्जननी दोनच मागितल्या, कारण दोनच आहेत हे त्यांना ठाऊक होते. चार मागवल्या असत्या तर आधी नातेवाईकांना रक्त द्यायला उभे करावे लागले असते, आणि त्या मुलाचे नातेवाईक अजून वाटेतच होते. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. ते योग्यच झाले. पण ऐच्छिक रक्तदात्यांची सवय लहान गावांत एका रात्रीत लागत नाही. जिथे मागणीच उपलब्धतेच्या मापाने लिहिली जाते, तिथे मोठ्या रक्तसंक्रमणाचे भाकीत नेहमीच खोटे ठरणार. तिथे कुणाला दहा पिशव्या मिळतच नाहीत.

म्हणून लंडन-ह्यूस्टनचा ३५ मिलिमीटरचा आकडा जसाच्या तसा आपल्या तालुक्याच्या रक्त साठवणूक केंद्रात आणता येत नाही. तिथे चुकीचा इशारा म्हणजे एखाद्या बाळंतिणीसाठी राखलेली पिशवी वितळवून वाया जाणे. आणि इशारा बरोबर निघाला तरी त्याचा अर्थ ‘आणखी द्या’ एवढाच नसतो. ‘हा रुग्ण इथे ठेवू नका, रक्त असलेल्या रुग्णालयाला फोन करा, गाडी आत्ता काढा’ हाही असतो. आपल्याकडे चाचणीचा खरा उपयोग बहुधा हाच आहे.

या इतिहासातला एक मोठा विजय चाचणीशिवायचा आहे. जपानमध्ये उटाको ओकामोटो यांच्या संशोधनातून निघालेले ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड गुठळी विरघळू देत नाही. क्रॅश-२ नावाच्या अभ्यासात ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतले २०,२११ जखमी होते, त्यांत भारतातलेही होते. २०१० च्या निकालात औषध दिलेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, न दिलेल्यांत १६ टक्के. कुणाचे रक्त गोठत नाही हे आधी तपासले नव्हते. नंतरच्या विश्लेषणात दिसले की फायदा पहिल्या तीन तासांतच. स्वस्त औषध, पण घड्याळ इथेही सुटत नाही.

प्लेन बल्बची गोष्ट मात्र चाचणीचीच आहे. सर्पदंशाच्या रुग्णांचे रक्त स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग कलते करून पाहायचे, ही पद्धत आपल्या ग्रामीण रुग्णालयांत रुळलेली आहे. ली आणि व्हाइट यांच्या १९१३ च्या नळीचेच ते सोपे रूप. अपघातात ती फार ढोबळ ठरते. बारीक बिघाड तिला कळत नाही, फायब्रिनोजेन अगदीच संपले तरच रक्त वाहते राहते. पण वाहते राहिले, तर ते खोटे बोलत नसते.

मी निवृत्त झाले त्याआधीची काही वर्षे नवीन मुले-मुली हाताखाली शिकायला येत. त्यांना पहिल्याच आठवड्यात मी सांगत असे, अपघाताच्या रुग्णाचा प्लेन बल्ब वीस मिनिटांत गोठला नाही, तर नमुना पुन्हा मागवायचा तो मागवाच. पण त्याआधी वर फोन करा, आणि सर्जनना सांगा की याचे रक्त गोठत नाहीये.